उधारीच्या भांडणात फसवणुकीचा खटला झाला, सुटलात. आता भरपाईचा दावा कसा लावायचा

निर्दोष सुटल्याची तारीख आधी लिहून ठेवा. द्वेषाने केलेल्या खटल्याच्या भरपाईला मुदत एकच वर्ष आहे (मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७४). वसुलीच्या दाव्यातल्या तीन वर्षांची सवय असलेले व्यापारी इथेच गाफील राहतात. समोरच्याने अपील केलंय, ते संपू दे, असं म्हणत थांबू नका. पहिल्या निकालापासूनच वर्ष मोजा.

मी इचलकरंजीत दिवाणी कामं बघते. इथलं नेहमीचं प्रकरण म्हणजे सुताची बाचकी उधारीवर उचलली, कापडाला भाव नाही, पैसे थकले. व्यापारी वसुलीचा दावा लावण्याऐवजी ठाण्यात जाऊन फसवणुकीची फिर्याद देतो. दावा वर्षानुवर्षं चालतो, पोलिसांचा फोन मात्र त्याच संध्याकाळी येतो, हा हिशोब त्यालाही कळतो.

नुसतं सुटणं पुरत नाही. खटला त्यानेच उभा केला, तो तुमच्या बाजूने संपला, फिर्यादीला वाजवी कारण नव्हतं, हेतू द्वेषाचा होता आणि तुमचं नुकसान झालं, हे सगळं तुम्हालाच शाबित करायचंय. तक्रार अर्ज ठाण्यातच पडून राहिला असेल तर अजून खटला झालेलाच नाही. तडजोडीने मिटवला असेल तर दावा लंगडा पडतो. निकालपत्र नीट वाचा. ‘संशयाचा फायदा’ लिहिलं असेल तर जास्त राबावं लागेल.

खरा पुरावा बहुतेकदा त्याच्याच मोबाईलमधून आलेला असतो. ‘दिवाळीनंतर द्या, व्याज लावतो’ हा मेसेज फिर्यादीच्या आधीचा असेल, तर व्यवहार उधारीचा होता हे त्याला ठाऊक होतं. पाठोपाठ ‘आत बसवल्याशिवाय देणार नाहीस’ आला असेल तर हेतूही उघडा पडला. फोन विकू नका, चॅट पुसू नका; मोबाईलमधला पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यासोबत त्याच्या सहीचा खातेउतारा, आधी भरलेल्या रकमांच्या बँक नोंदी, फिर्याद, दोषारोपपत्र आणि निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकला. रोजनाम्याची नक्कलही काढा. किती तारखांना तुम्ही माग बंद ठेवून कोर्टात उभे होतात, ते त्यात दिसतं. वकिलाने फीची पावती दिली नसेल तर मागून घ्या (आम्ही वकील यात कुचराई करतो).

खटला अजून चालू असेल तर वकिलाला आत्ताच सांगून ठेवा: निर्दोष सुटका होताना बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २७३ खाली भरपाई मागा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ५०,००० रुपयांपर्यंत देऊ शकतात. हीच तरतूद, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम २५०, जास्त वापरा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी प्रकरणात म्हटलं होतं. ही रक्कम पुढच्या दाव्यात हिशोबात धरली जाते.

व्यापारी सुरतेचा आणि खटला इथे चालला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे दावा इथेच लावता येतो.