अपार्टमेंट बांधताय? आधी पार्किंगच्या मजल्याचा नकाशा काढा, आणि या चुका टाळा

मध्यम आकाराच्या शहरात नवी स्कीम जाहीर झाली की सगळ्यात आधी फिरतं ते समोरून काढलेलं रंगीत चित्र. काचेच्या बाल्कन्या, गच्चीवर झाडं, खाली एक गाडी. एकच. माझ्याकडे नकाशे तपासायला येतात तेव्हा मी ते चित्र बाजूला ठेवतो आणि सर्वांत खालच्या मजल्याचा कागद मागतो. पुढच्या वीस-तीस वर्षांच्या बहुतेक तक्रारी त्या एका कागदावर आधीच दिसत असतात.

खालच्या चुका मी साइटवर पाहिलेल्या आहेत. एक माझी स्वतःची आहे, तिच्यापासून सुरुवात करतो.

वरच्या बेडरूमवरून कॉलम ठरवणे

स्टिल्टवरची, म्हणजे खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेली इमारत होती. टिपिकल फ्लोअर, म्हणजे वर सारखाच येत जाणारा फ्लॅटचा मजला, झकास जमला होता: कॉलम बेडरूमच्या कोपऱ्यांत लपले, हॉलमध्ये कुठेही कोपरा डोकावत नव्हता. मग त्याच कॉलमच्या मधे खाली गाड्या आखल्या. कागदावर २.५ बाय ५ मीटरचे चौकोन निमूट बसले. फूटिंग (कॉलमचा पाया) भरून झालं, कॉलमचे स्टार्टर, म्हणजे पहिले बुटके तुकडे, वर आले, आणि एका रविवारी सहज म्हणून मी चुन्याची फक्की टाकून पार्किंग जमिनीवर आखलं आणि स्वतःची गाडी आत घातली. कोपऱ्यातल्या जागेत शिरायला चार वेळा मागेपुढे करावं लागलं. दुसऱ्या एका जागेत गाडी गेली, पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेना, कारण दाराच्या जागी कॉलम येणार होता. मी गाडीत बसून राहिलो आणि दहा मिनिटं नुसता त्या सळयांकडे बघत होतो.

हिशोब साधा आहे, तो आधी करायचा असतो. दोन गाड्या शेजारी लावायच्या तर दोन कॉलममध्ये मोकळं अंतर किमान ५ मीटर हवं, तीन लावायच्या तर ७.५. कॉलमची जाडी यात धरायची नाही, इथेच बरेच जण फसतात. काटकोनात गाड्या लावणार असाल तर मधला रस्ता साधारण ६ मीटर लागतो. वळायची जागा धरली की एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. जिना, लिफ्ट, मीटर रूम, पंप रूम वजा करून उरलेल्या जागेला त्या आकड्याने भागा. उत्तर आणि नकाशावरचे चौकोन जुळत नसतील तर उत्तरावर विश्वास ठेवा.

कॉलम भरून झाले असतील तर? गाड्या ४५ किंवा ६० अंशांत तिरप्या लावून एकेरी रस्ता करता येतो. मधला रस्ता कमी लागतो, जागा मात्र काही कमी होतात. दोन मजली यांत्रिक पार्किंगचा पर्याय बीमखाली पुरेशी उंची असेल तरच. आणि जिथे गाडी बसत नाही ती जागा कुणाच्या नावावर करू नका. त्या एका चौकोनावरून सोसायटीत जी भांडणं होतात त्यांना अंत नसतो.

उलटी चूकही होते, गरजेपेक्षा जास्त पार्किंग बांधून घरं महाग करण्याची. अमेरिकेत बफेलो शहराने २०१७ मध्ये आणि मिनीअॅपोलिसने २०२१ मध्ये किमान पार्किंगची सक्तीच काढून टाकली. सक्ती गेली म्हणून गाड्या गेल्या नाहीत. किती जागा ठेवायच्या याचा विचार नियमपुस्तिकेऐवजी बांधणाऱ्याला करावा लागला, एवढंच.

एका बोअरवर मातीचा निकाल लावणे

दोन-तीन जुने प्लॉट एकत्र करून मोठी इमारत उभी करतात, आणि माती तपासायला एकच बोअर घेतात, तोही जिथे मशीन सहज जातं तिथे. प्लॉटच्या एका कोपऱ्यात बुजवलेली विहीर असते, दुसऱ्या बाजूला भर टाकून वळवलेला नाला. कोपऱ्यांत आणि मध्यभागी, जिथे जास्त भार येणार तिथे बोअर घ्याच. शिवाय शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की इथे पूर्वी काय होतं. रिपोर्टात न सापडलेली विहीर मला एकदा अशीच चहाच्या कपावर सापडली आहे.

इमारत सगळीकडून सारखी खचली तर ती बरेचदा निभावून नेते, एका बाजूने खचली तर नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर २००९ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या पाइल (जमिनीत खोल घातलेले पायाचे खांब) खडकापर्यंत नेलेल्या नव्हत्या, आणि २०१६ मध्ये तो खचून कललेला असल्याचं उघड झालं. ५८ मजली इमारत आहे म्हणून बातमी झाली. सात मजली इमारत कलते तेव्हा फक्त दारं लागेनाशी होतात.

भेग दिसली की घाबरण्याआधी तिचा आकार बघा. प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा असतील तर बहुधा प्लास्टर सुकतानाच्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग वेगळी. तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तुटली तर भिंत अजून हलते आहे. अशा वेळी भेग पुट्टीने भरून रंगवू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

“थोडं पाणी सोड रे”

स्लॅबच्या दिवशी दुपारी काँक्रीट घट्ट व्हायला लागतं, पंप अडकतो, आणि कुणीतरी हे वाक्य ओरडतं. मिक्सरचा ड्रायव्हर ड्रममध्ये पाइप धरतो. काम पळायला लागतं, सगळे खूश. सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं, ताकद तिथेच जाते. गंमत अशी की क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, सकाळी, पहिल्या गाडीतून, पाणी घालायच्या आधी भरलेले असतात. त्यामुळे २८ दिवसांचा रिपोर्ट उत्तम येतो. फक्त तो त्या स्लॅबचा नसतो.

काँक्रीट पातळ हवं असेल तर ठरलेल्या मात्रेत प्लास्टिसायझर (जास्तीच्या पाण्याविना काँक्रीट पातळ करणारं रसायन) घाला, आणि क्यूब दुपारच्या गाड्यांतूनही भरा. क्यूब फेल गेले तर लगेच तोडफोड नको. आधी रिबाउंड हॅमरने (काँक्रीटवर दाबून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) कमजोर भाग शोधा, तिथले कोअर, म्हणजे कापून काढलेले गोल नमुने, काढा. प्रचलित निकष असा की कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांहून आणि एकही कोअर ७५ टक्क्यांहून कमी नसावा.

पाणी मारण्याचं उलट होतं. स्लॅबवर बांध घालून पाणी कोंडतात, ते दिसतं म्हणून. कॉलमवर मात्र सकाळी एकदा पाइप फिरवला की झालं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस सतत ओलावा हवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा.

याच दिवसाची आणखी एक चूक बाल्कनीची. पुढे आलेल्या बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असावी लागते, कारण ताण वर येतो. माणसं त्या जाळीवरून घमेली घेऊन चालतात आणि ती दबून खाली जाते. काँक्रीट पडलं की कुणाला दिसत नाही. जाळीखाली पुरेशा चेअर (जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळया) आहेत का, हे काँक्रीट पडण्याआधी वाकून हाताने दाबून बघा. फोटो काढून भागत नाही.

महानगराची इमारत उचलून आणणे

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हरच्या आसपास, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-पंधरा वर्षं अपार्टमेंटच्या भिंती आतून कुजत गेल्या. उन्हाच्या प्रदेशात शोभतील अशा सपाट, विना छज्जाच्या भिंती पावसाळी किनाऱ्यावर लाकडी सांगाड्यावर बांधल्या होत्या. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. १९९८ मध्ये त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. खिडकीवरचा छज्जा काढून टाकला की दर्शनी भाग नीटस दिसतो, हे खरं. पाऊस मात्र चित्र बघून पडत नाही.

उंचीचंही तसंच. शहराच्या अग्निशमन दलाकडची सर्वांत उंच शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोचते हे नकाशा काढण्याआधी विचारा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या व्याख्येत सर्वांत वरचा राहता मजला गाडी उभी राहते त्या पातळीपासून ७५ फुटांच्या, म्हणजे सुमारे २३ मीटरच्या वर असेल तर ती इमारत हाय-राइज. मोजायचं राहत्या मजल्यापर्यंत, गच्चीपर्यंत नाही. आणि प्रवेशद्वाराची शोभेची कमान बंबाच्या उंचीपेक्षा बुटकी ठेवू नका. हसू नका, मी अशी कमान पाहिली आहे.

विक्रीबद्दल एकच सांगतो. मध्यम शहरात तीन स्कीमनी एकाच वर्षी ताबे दिले तर बाजार भरून जातो, आणि तिघांनीही तीन वर्षांपूर्वी तीच टंचाई पाहून काम सुरू केलेलं असतं. म्हणून टप्पे करा, पण पहिल्या टप्प्याला स्वतःची टाकी, स्वतःचा रस्ता आणि चालू लिफ्ट द्या. दुसरा टप्पा रखडला तरी आधी आलेली माणसं अडकत नाहीत.

पाणी अडवलं, पण वाट दिली नाही

फ्लोरिडातल्या सर्फसाइडची शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळली आणि ९८ माणसं गेली. २०१८ च्या इंजिनियरच्या अहवालात लिहिलेलं होतं की पूल डेकचं (पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचं) वॉटरप्रूफिंग उताराशिवाय सपाट स्लॅबवर केलं आहे, पाणी तिथेच साचतं. पडण्याचं सगळं खापर त्यावर फोडता येत नाही. तरी पार्किंगवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छताच्या स्लॅबवर, बाग आणि कारंजं दाखवणारा नकाशा हातात आला की मी उताराचे बाण शोधतो. वॉटरप्रूफिंग कुठल्या कंपनीचं हा प्रश्न नंतरचा.

बाथरूममध्ये बहुतेक घोळ क्रमाचा असतो. वॉटरप्रूफिंग झालं की पाइपची तोंडं बंद करून पाणी भरायचं, किमान ४८ तास ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत बघायचं. इथे घाईत रात्रभर पाणी ठेवतात, वरूनच बघतात, आणि लाद्या बसतात. पुढे प्लंबर पाइपसाठी भोक पाडतो ते वॉटरप्रूफिंग फोडूनच, आणि चाचणी पुन्हा कुणी घेत नाही. भोकं आधी, वॉटरप्रूफिंग मग, आणि शेवटची चाचणी लाद्यांच्या आधी.

राहायला आल्यावर छताला ओल दिसली तर पहिला हात व्हाइट सिमेंटकडे जातो. तो थांबवा. वरच्या फ्लॅटचा पाण्याचा मुख्य कॉक एक दिवस बंद ठेवून बघा. सतत चालणारी ठिबक थांबली तर पुरवठ्याची लाइन गळते आहे. ठिबक फक्त आंघोळीनंतरच येत असेल तर ट्रॅप (फरशीतलं, जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), ड्रेनची लाइन किंवा लाद्यांखालचं वॉटरप्रूफिंग. मग एकेका ट्रॅपमध्ये वेगवेगळ्या रंगाचं पाणी ओता, दोन ट्रॅपच्या मधे एक दिवस जाऊ द्या, आणि खाली टॉर्च घेऊन बसा. जो रंग उतरेल तेवढ्याच ट्रॅपभोवतीच्या लाद्या फोडायच्या.