निर्दोष सुटल्यावर निकालाची नक्कल आधी काढा

खटल्यातून निर्दोष मुक्तता झाली, तरी पोलीस ठाण्याच्या नोंदीत तो गुन्हा कित्येकदा प्रलंबितच दिसतो आणि पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आडवा येतो. म्हणून न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत मिळवावी, नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नये. अर्जात खटला क्रमांक, गु. र. नं. (पोलीस ठाण्यातील गुन्हा नोंदणी क्रमांक) आणि वर्ष अचूक लिहावे. खटला क्रमांक हाताशी नसल्यास ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने तो शोधता येतो. प्रमाणित प्रत जोडून नोंद अद्ययावत करण्याचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा आणि आपल्याकडच्या स्थळप्रतीवर (अर्जाच्या आपल्याजवळ राहणाऱ्या प्रतीवर) अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नये, कारण पुढे पाठपुरावा करताना हाच कागद कामी येतो.