एक वाटी तूरडाळ आणि प्रांतोप्रांतीची चव: भारतीय स्वयंपाकाची सुरुवात कशी करावी

भारतीय स्वयंपाक शिकायला घेतलेल्या माणसाला पहिली धास्ती वाटते ती मसाल्यांच्या लांबलचक यादीची. प्रत्यक्षात एखाद्या प्रांताची चव आपल्या ओट्यावर आणायला तीन गोष्टी आधी समजून घेतल्या, की बरेचसे काम होते: तिथली फोडणी कोणत्या तेलातुपाची असते, तीत काय काय पडते, आणि पदार्थाला आंबटपणा कशाने आणतात. त्यामुळे पाककृतींचा ढीग जमवण्यापेक्षा एकच ओळखीचा जिन्नस घ्यावा आणि या तीन गोष्टी बदलत जावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी तूरडाळीइतके सोयीचे दुसरे काही नाही. महाराष्ट्र, गुजरात, उत्तर प्रदेश, आंध्र आणि तमिळनाडू या साऱ्या ठिकाणी ती रोजच्या जेवणात असते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी लागते.

डाळ शिजवताना

एक वाटी तूरडाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत ठेवावी. नंतर तीत अडीच ते तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि चमचाभर तेल घालून कुकरच्या चार शिट्ट्या कराव्यात. तेलामुळे फेस कमी येतो आणि शिटीतून डाळ बाहेर उडत नाही. या टप्प्यावर चिंच, आमसूल किंवा टोमॅटो यांपैकी काहीही घालू नये, कारण आंबटाच्या संगतीत डाळीचा दाणा मऊ होत नाही आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ कणीदार राहते. कुकर उघडल्यावर डाळ गरम असतानाच रवीने घोटून एकजीव करावी. ही झाली पायाभूत डाळ. पुढचे सगळे प्रकार हिच्यापासूनच करायचे आहेत.

फोडणी

भारतीय स्वयंपाकातले एकच कौशल्य मन लावून शिकायचे असेल, तर ते फोडणीचे. मसाल्यांच्या वासाची द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगली उतरतात. म्हणूनच तोच मसाला तेलात पडला तर पदार्थभर दरवळतो आणि नुसत्या पाण्यात उकळला तर फिका राहतो.

छोट्या कढल्यात दोन चमचे तेल मध्यम आचेवर तापवावे आणि मोहरीचे एक-दोन दाणे टाकून पाहावेत. ते लगेच तडतडले, तरच अर्धा चमचा मोहरी घालावी. मोहरी पुरती तडतडू द्यावी, कारण अर्धवट राहिलेली मोहरी दाताखाली कडवट लागते. तडतड ओसरू लागली की जिरे घालावे. ते काही क्षणांतच फुलून तांबूस होते. लगेच हिंग, मग कढीपत्ता आणि चिरलेली मिरची घालावी. कढीपत्ता आधीच पुसून कोरडा केलेला असावा, नाहीतर तेल अंगावर उडते. हळद आणि लाल तिखट अगदी शेवटी, आच बंद करून घालावे आणि त्याच क्षणी फोडणी डाळीवर ओतावी. पूड झालेले जिन्नस तापल्या तेलात पाहता पाहता करपतात आणि त्यांचा करपट वास पुढे कशानेही झाकता येत नाही. फोडणी जळली तर ती टाकून दुसरी करावी. दोन चमचे तेल वाचवण्यासाठी पातेलेभर डाळ बिघडवण्यात अर्थ नाही.

हिंगाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. ही इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियात होणाऱ्या एका झाडाच्या मुळांतून निघणारी राळ आहे. भारतात तिच्या लागवडीचा प्रयत्न 2020 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाला, पण स्वयंपाकघरांत तिची पाळेमुळे शतकानुशतकांची आहेत. बाजारातली हिंगपूड म्हणजे बहुधा डिंक आणि पीठ मिसळून सौम्य केलेला बांधानी हिंग असतो. खडा हिंग त्याहून फार उग्र असल्यामुळे तो मुगाच्या दाण्याएवढाही पुरतो.

एक डाळ, पाच प्रांत

महाराष्ट्रातल्या आमटीसाठी वर सांगितलेलीच फोडणी शेंगदाणा तेलात करावी, तीत घोटलेली डाळ ओतून हवे तेवढे पाणी घालावे आणि तीन-चार आमसुले, सुपारीएवढा गूळ, मीठ व चमचाभर गोडा मसाला घालून पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. गोड्या मसाल्यात धणे, तीळ आणि सुके खोबरे यांच्या जोडीला दगडफूल असते. हाच दगडफुलाचा सुगंध तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागाच्या मसाल्यातही आढळतो, आणि दोन इतक्या वेगळ्या स्वयंपाकांत तो कसा निरनिराळा वागतो हे मुद्दाम चाखून पाहण्यासारखे आहे. वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर घालावी.

गुजराती डाळ आमटीच्या जवळची वाटते, परंतु ती अधिक पातळ आणि अधिक गोड असते. तिच्या फोडणीत मेथीदाणे, लवंग आणि दालचिनीचा तुकडा पडतो. डाळीत आल्याचा कीस, भिजवलेले शेंगदाणे, कोकम आणि आमटीच्या दुप्पट गूळ घालतात. मंद आचेवर ती जितकी जास्त उकळते, तितका गूळ आणि आंबट यांचा मेळ चांगला बसतो.

सांबाराचा क्रम मात्र उलटा आहे. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ काढून त्यात हळद, मीठ, शेवग्याच्या शेंगा, लहान कांदे आणि सांबार पूड घालून चिंचेचा कच्चट वास जाईपर्यंत उकळावे. भाज्या शिजल्यावरच घोटलेली डाळ मिसळावी आणि सर्वांत शेवटी तिळाच्या तेलात मोहरी, मेथीदाणे, सुक्या मिरच्या, हिंग व कढीपत्ता यांची फोडणी वरून द्यावी. फोडणी शेवटी पडल्यामुळे तिचा वास ताजा आणि ठळक राहतो. आंध्रात याच डाळीत अंबाडीचा पाला शिजवून दाटसर पप्पू करतात. अंबाडी स्वतःच आंबट असल्याने चिंच लागत नाही. फोडणीत ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरच्या सढळ हाताने घालतात. ती गरम भातावर तूप घालून खातात.

उत्तर प्रदेशातल्या अरहरच्या डाळीला जिन्नस सर्वांत कमी लागतात: साजूक तुपात जिरे, हिंग आणि सुकी मिरची, आणि उन्हाळा असेल तर डाळीत कैरीच्या दोन फोडी. ही डाळ करताना मसाल्याचा डबा दूर ठेवावा. तयार गरम मसाला प्रत्येक पदार्थात घालण्याच्या सवयीने प्रांताप्रांतातला फरक जितका पुसला जातो, तितका दुसऱ्या कशानेही जात नाही.

आंबटाची निवड

नव्या माणसाचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथे. चिंच, कोकम, आमचूर, दही आणि टोमॅटो ही एकमेकांची बदली माणसे नव्हेत. चिंचेला उकळी हवी असते. आमसूल शेवटच्या काही मिनिटांत घातले तरी पुरते. आमचूर कोरड्या भाज्यांना अधिक शोभते. पंजाबात छोल्यांत अनारदाणा घालतात, केरळात माशाच्या कालवणात कोकमाच्याच कुळातली कुडमपुळी घालतात, तर गोव्यात विंदालूसाठी माडाच्या सुरेपासून केलेला शिरका वापरतात. दही उकळत्या रश्श्यात घालायचे असेल, तर त्यात चमचाभर बेसन फेटून घ्यावे आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहावे, म्हणजे ते फाटत नाही. आणखी एक दक्षता घ्यावी: आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात शिजवू अथवा ठेवू नये, कारण तो कळकतो आणि खाण्यालायक राहत नाही.

तिखटपणाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मिरची भारतात आली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत, अमेरिकेतून. त्याआधी तिखटाचे काम मिरे, पिंपळी आणि आले करीत असत. म्हणून मिरची घेताना रंग हवा की जाळ, हे आधी ठरवावे: कर्नाटकातली ब्याडगी आणि काश्मिरी मिरची गडद रंग देतात पण जिभेला सौम्य असतात, गुंटूरची मिरची मात्र चांगलीच झणझणीत असते.

तुरीच्या पलीकडे

पूर्वेकडे वळताना तेल बदलावे लागते. मोहरीचे तेल धूर निघेपर्यंत तापवून, आच बंद करून किंचित निवू द्यावे आणि मगच त्यात फोडणी करावी, म्हणजे त्याचा कच्चा उग्रपणा उतरतो. पाचफोरन म्हणजे मेथीदाणे, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि मोहरी यांचे अख्खे मिश्रण. ते कुटायचे नसते. तेच मोहरीचे तेल काश्मिरातही लागते, पण तिथल्या पंडितांच्या पारंपरिक स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो आणि त्यांची जागा हिंग, सुंठ व बडीशेपेची पूड घेतात. आसामात तर आंबटाच्या अगदी विरुद्ध टोकाची चव आहे: केळीच्या सालीच्या राखेतून गाळलेल्या क्षारयुक्त पाण्यात भाज्या शिजवून खार नावाचा पदार्थ करतात आणि तो जेवणाच्या सुरुवातीला खातात.

बंगाली डाळींत सुरुवात मुगापासून करावी. एक वाटी मूगडाळ न धुता कोरड्या कढईत मंद आचेवर, खमंग वास सुटून ती बदामी होईपर्यंत भाजावी, मग धुऊन हळद व मिठाच्या पाण्यात मऊ शिजवावी, पण घोटू नये. दाणा दिसला पाहिजे. तुपात तमालपत्र, जिरे, सुकी मिरची आणि आल्याचा कीस घालून फोडणी द्यावी आणि शेवटी अर्धा चमचा साखर घालावी. या डाळीत आंबट काहीही घालत नाहीत, म्हणून मीठ नेहमीपेक्षा थोडे बेतानेच घालून शेवटी चव पाहावी.