कुलूप भारी, कोंडा लेचापेचा

आमच्या भागात घरफोडी झाली की पहिला फोन पोलिसांना जातो आणि पंचनामा आटोपला की दुसरा मला. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात, वडनेरच्या बाजूला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. डवऱ्यापासून ट्रॉलीपर्यंत आणि खिडकीच्या ग्रिलपासून शटरपर्यंत सगळी कामं येतात. तुटलेलं दार नीट करायला गेलो की चोर कुठून शिरला, कशाने शिरला आणि त्याला किती मेहनत पडली, हे लोखंडावरच्या खुणांवरून कळतं. त्या खुणा पाहून जे समजलं ते लिहितो.

घरधनी हमखास म्हणतो, "काकाजी, कुलूप तं चांगलं सातशेचं होतं जी!" कुलूप चांगलंच असतं, कडीत तसंच लटकत असतं. उपटून आलेला असतो तो चौकटीतला कोंडा, म्हणजे कडी ज्यात अडकते तो कोयंडा. कोंडा अर्ध्या इंचाच्या दोन-चार स्क्रूंवर बसवलेला, चौकट पावसाने फुगलेली नाहीतर वाळवीने आतून पोकळ. त्यात सब्बल (पहार) घालून एक हिसका दिला की कोंडा स्क्रूसकट बाहेर. कुलपावर शेपाचशे जास्त घालवण्याआधी कोंड्याकडे पाहा. चौकटीच्या आरपार छिद्र पाडून आठ एमएमचे गोल मुंडीचे बोल्ट टाका. गोल मुंडी बाहेर ठेवा, तिला पाना लागत नाही. आतून तीन एमएमची लोखंडी पट्टी, वॉशर आणि नट. नट कसल्यावर बोल्टचं उरलेलं टोक कापून हातोडीने ठोकून चपटं करा, म्हणजे नट फिरत नाही. चौकटच भुसभुशीत असेल तर असल्या चौकटीत काहीही बसवून उपयोग नाही, आधी चौकट बदला.

कुलूप घेताना वजनापेक्षा त्याच्या वरच्या कडीकडे बघा. कडी लांब असली की त्यात सळाख शिरते आणि पिळता येते. कडी आखूड आणि जाड हवी, कोंड्यात घातल्यावर बोटभर फट उरायला नको. लोखंडी दार किंवा फाटक असेल तर कुलपाभोवती पत्र्याची डबी वेल्ड करून घ्या, फक्त खालून हात आणि चावी जाईल एवढी उघडी. मग कुलपावर घाव घालायला जागाच राहत नाही.

बिजागऱ्याही तपासा. बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या पत्र्याच्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरच असतात. खिळा वर ठोकून काढला की दार कुलपासकट उलट्या बाजूने उघडतं. खिळ्याच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा एकेक टाका मारून घेतला की झालं. पाच मिनिटांचं काम आहे.

पण माझ्याकडे येणारी निम्मी कामं पुढच्या दाराची नसतातच, ती सांदवाडीकडच्या, म्हणजे परसाकडच्या दाराची असतात. पुढे सागवानी दार, नक्षी, पितळेच्या कड्या, आणि मागे न्हाणीकडे जायला टिनाचं फळकूट, आतून एक साधी कडी. पाहुण्याला पुढचं दार दिसतं, चोर मागचं पाहतो. मागे कोठा, कुटाराचा ढीग, पऱ्हाटीची गंजी, त्यामुळे आडोसाही भरपूर. दोनपैकी एकाच दारावर खर्च करायचा असेल तर मागच्यावर करा.

त्यासाठी जुनी युक्ती अजून कोणी मोडलेली मी पाहिली नाही: अडणा. आमच्या आजोबांच्या काळात भिंतीतल्या दोन खोबणींत लाकडी दांडा आडवा सरकवत. आता तेच लोखंडात करायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत यू आकाराची एकेक पकड, ती चार इंच आत जाईल अशा होल्डफास्टने (भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्टीने) सिमेंटमध्ये बसवलेली, आणि त्यांत आडवा टाकायला इंची अँगल. सगळं मिळून तीन-चार किलो लोखंड लागतं. बाहेरून कडी तुटो की बिजागरी, आत उघडणारं दार ढकललं जात नाही, कारण जोर भिंतीवर येतो. विटा मातीत जोडलेल्या असतील तर पकडीच्या जागी आधी वीतभर चौकोन खोदून तेवढं काँक्रीट भरा. घरात म्हातारं माणूस असेल तर अँगलऐवजी हलका पोकळ पाईप वापरा, नाहीतर रात्री उठायचं झालं तर त्याला अडणा उचलणार नाही.

आता शेजारच्यांच्या दाराबद्दल. गावात चोरी करताना आधी आजूबाजूच्या घरांच्या कड्या बाहेरून लावतात आणि मग एक घर फोडतात. घरातली माणसं ओरडतात, शेजारी जागेही होतात, पण त्यांना बाहेर निघता येत नाही. यावर उपाय फुकटचा आहे. रात्री आत झोपताना बाहेरच्या रिकाम्या कोंड्यात कुलूप अडकवून बंद करून टाका. कोंडा भरलेला असला की कडी त्यावर बसत नाही. अल्ड्रॉप असेल तर दांडी मागे सरकवल्यावर तिची जीभ जिथे येते तिथे दुसरा कोंडा लावून घ्या आणि झोपताना त्यात कुलूप घाला, म्हणजे दांडी पुढे सरकणार नाही. चावी अर्थातच आत. हे एकट्याने करून भागत नाही, पूर्ण ओळीने करायला हवं. मी तर म्हणतो, ग्रामसभेत रस्त्याच्या विषयानंतर दहा मिनिटं यावर बोला.

आणि चोराला हत्यार तुम्ही पुरवू नका. सब्बल, टिकास, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचा पाना, हे सगळं आपल्याकडे कोठ्यात भिंतीला टेकवलेलं असतं. शिडी तर बारा महिने बाहेर. कितीतरी दारांवर मला ज्या सब्बलच्या खुणा दिसल्या, ती सब्बल त्याच घरची, अंगणात पडलेली असायची. संध्याकाळी जनावरं बांधताना ही हत्यारं आत घ्यायची सवय लावा. शिडीला साखळी घालून खांबाला कुलूप लावा.

छप्पर कवेलूचं असेल तर कवेलू काढणं फारसं अवघड नाही, म्हणून निदान पैसा-दागिन्यांच्या खोलीवर तरी आतून सळाखींची जाळी किंवा फळ्यांचा माळा हवा. टिनं असतील तर ती कशी बसवली आहेत ते पाहा. वरून स्क्रू मारलेलं टिन वरूनच खोलता येतं. कडेच्या दोन रांगांना इंग्रजी J आकाराचे हुक वापरा, त्यांचे नट वर येतात खरे, पण आटा ठोकून ठेवला की ते पान्याने निघत नाहीत.

खिडकीची ग्रिल बाहेरून स्क्रूने लावायची फॅशन आली आहे, दिसायला सफाईदार. पेचकसाने चार स्क्रू काढले की पूर्ण ग्रिल हातात येते. ग्रिल भिंत बांधतानाच आत गाडायची, किंवा नंतर बसवायची तर होल्डफास्टने. बार बारा एमएमचा चौकोनी भरीव घ्या, पोकळ पाईपची डिझाईनची ग्रिल मी बनवून देतो पण सोबत चार शब्दही सुनावतो. दोन बारांतली फट चार इंचांच्या वर नको. मात्र सगळंच गच्च वेल्ड करू नका. सिलिंडर पेटला, शॉर्टसर्किट झालं तर माणसांना निघायला वाट हवी. एका खिडकीची ग्रिल बिजागरीवर उघडणारी, आतून कुलपाची ठेवा आणि तिची चावी लेकरांनाही माहीत असलेल्या खिळ्यावर, पण खिडकीतून हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी लावा.

आपल्याकडे घर रिकामं कधी असतं, हे पंचांगासारखं ठरलेलं आहे. कापूस वेचायला सगळं घर सकाळी वावरात, म्हणजे चोरी दिवसाढवळ्या. रब्बीत थ्री फेजची लाईन रात्रपाळीत आली की घरचा माणूस गहू-चण्याला ओलित करायला मोटारीवर. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) आवरायला रात्री शेतात जागलीवर जावं लागतं ते वेगळंच. घरात बायामाणसं, लेकरं, एखादी आजी. उन्हाळ्यात सगळे अंगणात बाजेवर नाहीतर स्लॅबवर आणि खालचं घर उघडं. मग लग्नाचे दिवस.

जागलीला जाताना बाहेरून कुलूप लावून जाऊ नका. आत माणसं आहेत, आणि आग लागली तर ती अडकतील. आतून अडणा लावायला सांगा. परत आल्यावर दार वाजवायची काही खूण घरात ठरवून ठेवा. रात्री कोणी ओळखीच्या नावाने हाक मारली तरी दार न उघडता खिडकीतून बोलायचं, खरा पाहुणा असेल तर राग मानणार नाही. घरात राहणाऱ्या बाईकडे चार्ज केलेला फोन हवा, टॉर्च हवी, आणि 112 हा नंबर पाठ हवा. रात्रीचं कोणी आत शिरलंच तर त्याला धरायला जाऊ नका. लाईट लावा, भांडी वाजवा, ओरडा आणि त्याची पळायची वाट मोकळी ठेवा. अडकलेला चोर हातातली सब्बल चालवतो. उन्हाळ्यात स्लॅबवर झोपायचं तर खाली पुढचं-मागचं दार आतून बंद करून जिन्याचं दार वरून लावा, आणि पोत, मंगळसूत्र गळ्यात घालून उघड्यावर झोपू नका.

चार दिवस बाहेरगावी जायचं असेल तर पुढच्या दाराचं कुलूप हीच जाहिरात आहे. पुढचं दार आतून बंद करा आणि बाहेर पडायचं दार असं निवडा की ते रस्त्यावरून दिसणार नाही. त्यातही गावात दुसरी खूण असते: सडा. ज्या अंगणात दोन दिवस शेणाचा सडा पडला नाही, रांगोळी नाही, संध्याकाळी दिवा नाही, ते घर रिकामं हे पोरंसोरंही सांगतील. शेजारच्या वहिनींना सडा टाकायला आणि ओसरीतला बल्ब लावायला सांगून जा, त्या गेल्या की तुम्ही करा. शेगावला दर्शनाला गेल्याचा फोटो स्टेटसला ठेवायचा तर परत आल्यावर ठेवा.

आता पैसा आणि दागिने. कापसाची गाडी खाली झाल्यावर नगदी घेऊन हॉटेलात चहा पीत भाव सांगणारे बरेच आहेत. भाव सांगा, रक्कम सांगू नका. शक्य तर रक्कम खात्यातच घ्या. घरातल्या लोखंडी कपाटावर माझा काडीचा विश्वास नाही, असली कपाटं पातळ पत्र्याची असतात, कडेला सळाख घालून वाकवली की कुलपाची जीभ सुटते. त्याहून वाईट म्हणजे बहुतेक घरांत कपाटाची चावी कपाटावरच असते. गव्हाच्या कोठीत, देवघरात, गादीखाली, पिठाच्या डब्यात लपवलेलं चोराच्या आधी माहितीचं असतं. घरात ठेवणं भागच असेल तर जाड पत्र्याची छोटी तिजोरी भिंतीत काँक्रीटने गाडून घ्या. नुसती जमिनीवर ठेवलेली तिजोरी उचलून शेतात नेऊन फोडतात.

लग्नातच लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये बरे. मात्र एक हिशेब माहीत असू द्या. 1 जानेवारी 2022 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लॉकरमधला माल चोरी, आग किंवा बँकेच्या माणसाच्या लबाडीने गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडं 2000 असेल तर 2 लाख. तरी घरापेक्षा लॉकर परवडला. आणि पितळ-सोनं चमकवून देतो म्हणत भरदुपारी दारात येणाऱ्याला अंगणातूनच वाटेला लावा.

कॅमेऱ्याबद्दल लोक फार विचारतात. कॅमेरा लावा, पण लोखंड झाल्यावर. रात्री लाईन गेली की तो आंधळा, आणि चोर तोंडाला दुपट्टा बांधून येतो. लावायचाच तर सोलरवर चालणारा, सिमकार्डवाला घ्या, मोबाईलवर लगेच कळतं. डीव्हीआरवाला असेल तर डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, टीव्हीखाली ठेवू नका, तो उचलून नेतात. सांदवाडीत सेन्सरचा सोलर दिवा स्वस्त पडतो, कोणी आलं की पेटतो. त्याहून स्वस्त गावठी कुत्रं. त्याला रात्री सांदवाडीत मोकळं सोडा.

चोरी झाल्यावर गावात पहिला संशय जातो बाहेर पाल टाकलेल्यांवर, नाहीतर पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर. मला हे पटत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत चोर सरळ नेमक्या खोलीत, नेमक्या कपाटाकडे गेलेला असतो, बाकी घराला हात नाही. म्हणजे घर आधी कोणीतरी आतून पाहिलेलं असतं. अफवेवर लाठ्या काढणं तर सोडाच. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं, ते भटक्या डवरी गोसावी समाजाचे होते. अनोळखी माणूस फिरताना दिसला तर पोलीस पाटलाला सांगा, तो त्यासाठीच नेमलेला आहे.

घर फुटलेलं दिसलं तर आत शिरून आवरायला लागू नका. आमच्या बायामाणसांना सांडलेलं पीठ आधी झाडायचं असतं, त्यात ठसे जातात. 112 लावा, श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञ येईपर्यंत दाराला, कपाटाला हात लावू देऊ नका, मीसुद्धा तोवर थांबतो. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. रात्रीच्या घरफोडीला साधारण त्यातलं कलम 331 (घरफोडी) आणि 305 (घरातली चोरी) लागतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या आणि त्यात प्रत्येक वस्तू लिहिली आहे का ते वाचा. यासाठी दागिन्यांचे फोटो आणि सोनाराच्या पावत्या आजच काढून ठेवा. फोटो पांढऱ्या कपड्यावर, जवळून, मागची बाजूही. हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तो वहीत लिहून ठेवा आणि ती वही दागिन्यांच्या डब्यात नको, भावाकडे किंवा लेकीच्या सासरी असू द्या. माल सापडला तरी तो ठाण्यातून तसाच हातात मिळत नाही, कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करतो असं लिहून देऊन, सोडवावा लागतो. तिथे एकदाणी आपलीच आहे हे दाखवायला हीच पावती आणि हाच फोटो कामी येतो.