बोंडू वेचून आल्यावर ताप आला तर

फेब्रुवारी लागला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली माणसं उन्हाआधी काजूच्या बागेत पोचलेली असतात. खाली पातेरा, म्हणजे वाळक्या पानांचा थर, त्यात पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, वर फांद्यांवर बोंडू खाऊन टाकणारी वानरं. माकडताप हा विषाणूचा ताप पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू जास्तीत जास्त भुकेलेलं असतं तेही याच दिवसांत, याच पातेऱ्यात. म्हणून जानेवारी ते मे या काळात रानात, बागेत किंवा पोफळीच्या कुळागरात जाऊन आलेल्या माणसाला अचानक ताप चढला, तर मनात पहिला प्रश्न माकडतापाचा यायला हवा. मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी सोबत होईलच.

आधी एक घोळ दूर करू. गोचीड चावली म्हणून मोबाइलवर शोधलं की समोर येतो तो लाइम आजार. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून त्याला हे नाव पडलं. तो बोरेलिया नावाच्या जिवाणूमुळे होतो, चावलेल्या जागेभोवती लाल चट्टा पसरत जातो आणि डॉक्सीसायक्लिनसारख्या प्रतिजैविकानं तो बरा होतो. तिथल्या गोचिडींसाठी हे सगळं खरं आहे. भारतात लाइमच्या नोंदी तुरळक आहेत. गोव्याच्या सह्याद्रीकडच्या भागात गोचिडीमुळे येणारा खरा धोका क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप. तो विषाणूमुळे होतो. त्यामुळे लाइमसाठी दिलेले तीन सल्ले इथे घातक ठरतात. लाल चट्टा येतो का ते बघत बसू नका, माकडतापात तो येत नाही. ‘गोचीड दीड दिवस चिकटली तरच आजार होतो’ हा हिशेब लाइमचा आहे, विषाणूला तेवढी सवड लागते असं धरून चालता येत नाही. आणि घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊन माकडताप थांबत नाही, उलट दवाखान्यात जायला दोन-तीन दिवस उशीर होतो.

आजार कुठून येतो

1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं आजारी पडली. तिथेच हा विषाणू सापडला. गोव्यात तो 2015 साली सत्तरीतल्या पाली गावात आढळला आणि लगेच पुढे महाराष्ट्रातल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातही पसरला. रानाला राज्याची सीमा माहीत नसते. म्हादईच्या खोऱ्यातलं, तिळारीकडचं आणि कर्नाटकातलं रान एकमेकांना लागून आहे.

विषाणू गोचिडीत राहतो, तसाच उंदीर-घुशीसारख्या लहान प्राण्यांतही. हेमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही त्याची मुख्य गोचीड. पावसाळ्यानंतर अंड्यांतून निघालेल्या अळ्या खसखशीएवढ्या असतात. त्या एकदा रक्त पिऊन कात टाकतात आणि तिळाएवढं पिल्लू होतं. माणसाला आजार देतं ते मुख्यतः हे पिल्लू. गुराच्या कानात फुगून बसलेली, वाटाण्याएवढी गोचीड बघण्याची आपल्याला सवय असते, म्हणून हे तिळाएवढं काही डोळ्यांत भरत नाही. चावताना दुखतही नाही. आजारी पडलेल्या पुष्कळ लोकांना गोचीड चावल्याचं आठवतच नाही, तेव्हा ‘मला काही चावलं नव्हतं’ एवढ्यावरून माकडताप नाही असं ठरवू नका.

काळ्या तोंडाचं वानर आणि तांबड्या तोंडाचं केलडं, दोघांनाही हा आजार होतो आणि दोघंही त्यानं मरतात. माकड मेलं की अंग गार पडू लागतं आणि अंगावरच्या शेकडो गोचिडी खाली उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. ती जागा पुढचे कित्येक दिवस धोक्याची. माणसापासून माणसाला मात्र हा ताप लागत नाही. रुग्णाला वेगळ्या खोलीत कोंडण्याची, त्याची भांडी वेगळी काढण्याची काही गरज नाही.

मेलेलं माकड दिसलं तर

जवळ जाऊ नका. काठीनं उलटवू नका, दोरी बांधून ओढू नका, खड्डा खणून पुरू नका, कुत्र्याला तिकडे फिरकू देऊ नका. जागा लक्षात ठेवा, दुरून फोटो काढा आणि वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवा. प्रेत ताजं असेल तरच त्यातून तपासणीचा नमुना मिळतो, म्हणून संध्याकाळी सांगू म्हणून ठेवू नका. प्रेत हलवल्यावर त्या जागेभोवती पन्नास फुटांच्या घेरात पाच टक्के मॅलेथिऑनची पूड मारतात. ते काम खात्याच्या माणसांना हातमोजे-बूट घालून करू द्या. पूड मारली तरी ती बाजू त्या हंगामात सोडून द्यावी हे बरं, चार पाटल्या (टोपल्या) बोंडू कमी झाले तरी चालतील.

बागेत जाताना

फुल पँट, लांब बाह्यांचा शर्ट, दोन्ही फिक्या रंगाचे. फिक्या कापडावर चढणारं काळं टिंब दिसतं, काळ्या-निळ्या कपड्यावर दिसत नाही. पँटचं टोक मोज्यात खोचा आणि वर गमबूट घाला. गोचीड उडत नाही आणि झाडावरून डोक्यावर पडत नाही. ती गवताच्या टोकावर किंवा पातेऱ्यावर पाय पसरून वाट बघते आणि अंगाला लागली की खालून वर चढते. म्हणून पायापासूनच वाट अडवायची. साडी किंवा लुंगी नेसून वेचणाऱ्यांनी आतून पायजमा आणि मोजे घालावेत.

आरोग्य केंद्रातून डीएमपी किंवा डीईपीए तेल मिळालं तर ते हात, मान, पावलं, पोटऱ्या यांना चोळा. डीईपीए हे डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं गोचीडरोधक आहे. डोळे, ओठ आणि जखमा सोडून लावा. घामानं ते उतरतं, म्हणून सकाळी लावलं की दुपारी जेवणानंतर पुन्हा लावा. नुसतं खोबरेल किंवा कडुनिंबाचं तेल लावून निर्धास्त राहू नका.

आणखी एक साधी गोष्ट, जिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. टोकाला खिळा ठोकलेल्या काठीनं बोंडू टोचून पाटलीत टाकणारा माणूस उभा राहून काम करतो. हातानं वेचणारा पातेऱ्यात बसतो, गुडघे टेकतो, हात घालतो. पहिल्याला धोका कमी. न्याहारीला, पाणी प्यायला बसायचं तर पातेऱ्यावर बसू नका. मोकळ्या दगडावर किंवा वाट झाडून काढलेल्या जागी बसा. शर्ट काढून झाडाखाली टाकला आणि जाताना परत अंगात घातला, की गोचिडीला आयतं घर मिळालं.

घरी आल्यावर

घरात शिरण्याआधी कपडे बाहेरच उतरवा आणि कढत पाण्यात बुडवा. नुसत्या गार पाण्यात गोचीड मरत नाही. मग ऊन पाणी आणि साबणानं घासून आंघोळ करा आणि अंग तपासा: केसांची रेषा, कानामागे, काखा, बेंबी, पँटच्या नाडीची जागा, जांघा, गुडघ्यामागे, बोटांच्या बेचक्यात, बायकांनी स्तनांखालीही. पाठ दुसऱ्याला बघायला सांगा. मुलांचं डोकं बोटं फिरवून बघा. दिव्याच्या उजेडात तीळ चालताना दिसला तर तो तीळ नव्हे.

चालणारी, अजून न चिकटलेली गोचीड रुंद चिकटपट्टीनं टिपा आणि पट्टी दुमडून टाका. चिकटलेली असेल तर टोकदार चिमटा घ्या, भुवयांचा असतो तसला. चिमट्याची टोकं गोचिडीच्या पोटावर न ठेवता कातडीला टेकवा, तोंडाशी घट्ट पकडा आणि सरळ वर, हळूहळू, एकसारखा ताण देत ओढा. कातडी तंबूसारखी थोडी वर उचलली जाते, तिथेच चार-पाच सेकंद धरून ठेवा. मग ती सुटते. पिरगळू नका, झटका देऊ नका. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर तो उकरत बसू नका, कातडी त्याला आपोआप बाहेर टाकते. जागा साबणानं धुवा, स्पिरिट लावा.

विडीचा चटका, रॉकेल, चुना, तेल, नेलपॉलिश यांतलं काहीही लावू नका. यांनी गोचीड लगेच सुटत नाही आणि त्रास झाल्यानं तिच्या पोटातलं द्रव आपल्या रक्तात उतरण्याची भीती असते. आणि नखावर नख दाबून ती चिरडण्याची सवय मोडायलाच हवी. चिरडलेल्या गोचिडीचं रक्त नखाशेजारच्या बारीक ओरखड्यातूनही आत जाऊ शकतं. स्पिरिटच्या बाटलीत टाका किंवा कढत पाण्यात. तारीख आणि बाग कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढचे दहा दिवस रोज अंगाचा ताप बघा.

ताप आला की

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांनी आजार उगवतो, आणि तो अचानक येतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून पडतो. कपाळ फुटल्यासारखं डोकं दुखतं, कंबर-मांड्यांचे स्नायू ठणकतात, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत. तीन-चार दिवसांनी उलट्या, जुलाब, आणि काहींना हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त. अंग तापलेलं असूनही नाडी मात्र मंद लागते, हे डॉक्टरांना उपयोगी पडणारं लक्षण.

ताप चढला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जा. सत्तरीकरांना वाळपईचं सरकारी इस्पितळ जवळ, तिथून गरज पडली तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. डॉक्टरांना मोघम ‘ताप आहे’ असं सांगू नका. असं सांगा: ‘सोमवारी संध्याकाळी ताप चढला. आधीचा आठवडा मी रोज काजूच्या बागेत होतो. गुरुवारी मांडीवरून गोचीड काढली. बागेच्या वरच्या बाजूला पंधरा दिवसांपूर्वी वानर मेलं होतं.’ एवढ्या चार वाक्यांवर पुढच्या तपासण्या ठरतात.

ताप सुरू झाल्याची तारीख फार महत्त्वाची. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू रक्तात भरपूर असतो, तेव्हा आरटी-पीसीआर तपासणी उपयोगी. त्यानंतर विषाणू कमी होत जातो आणि आयजीएम एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, कामाला येते. सातव्या दिवशी घेतलेल्या रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली म्हणजे आजार नव्हता असं होत नाही. नुसत्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतही खूण मिळते: पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरलेल्या. पण डेंग्यूतही तसंच होतं, म्हणून डेंग्यूची झटपट चाचणी निगेटिव्ह आली की तपास तिथे थांबवू देऊ नका.

काखेत, जांघेत किंवा कमरेशी सिगारेटनं भाजल्यासारखी, न दुखणारी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. ती स्क्रब टायफस या जिवाणूच्या तापाची खूण असते. तोही रानातून येतो आणि त्यावर डॉक्सीसायक्लिन झपाट्यानं लागू पडतं. शेतातल्या साचल्या पाण्यात काम झालं असेल तर लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस) नाव काढा.

सांभाळ

माकडतापाच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. पूर्वी वापरात असलेल्या लशीचा परिणाम कमी पडला आणि ती थांबवण्यात आली. नव्या लशीचं काम चालू आहे. म्हणजे हातात उरतं ते वेळेवर इस्पितळ गाठणं आणि नीट सांभाळणं, आणि त्यानंच बहुतेक माणसं एक-दोन आठवड्यांत बरी होतात. शंभरातली तीन ते पाच दगावतात. हा आकडा लहान वाटला तरी एका वाड्यावर तो फार मोठा असतो.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला 500 ते 650 मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर डोस डॉक्टरांनाच विचारा. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको. अंगदुखीवर दुकानातून आणलेली गोळी किंवा कमरेत घेतलेलं इंजेक्शन बहुधा यांतलंच असतं, आणि प्लेटलेट कमी असताना त्यानं रक्तस्राव वाढतो. एका लिटर पाण्यात ओआरएसचं एक पूर्ण पाकीट, मिठाची पेज, शहाळं, दिवसभर थोडं थोडं. लघवी फिकी आणि नेहमीसारखी होतेय की नाही त्यावरून पाणी पुरतंय का ते कळतं. सीबीसी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका.

उलटी थांबत नाही, कुठूनही रक्त येतं, शौच डांबरासारखं काळं होतं, लघवी सहा-आठ तास होत नाही, माणूस भलतंच बोलतो, झोपाळतो किंवा झटका येतो, यांतलं एकही दिसलं तर 108 ला फोन करा, रात्र असली तरी.

ताप गेला म्हणून लगेच काजूच्या दारूच्या भट्टीवर किंवा बागेत परतू नका. दहा ते वीस टक्के रुग्णांना मधे बरं वाटून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा ताप येतो, आणि या वेळी मेंदूवर परिणाम होतो: असह्य डोकेदुखी, मान आखडणं, हात थरथरणं, अंधुक दिसणं, वागणं बदलणं. घरची माणसं याला अशक्तपणा समजून टॉनिक आणतात. पहिल्या तापाच्या दिवसापासून तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत रुग्णावर लक्ष ठेवा, इस्पितळाचे कागद एका पिशवीत तयार ठेवा आणि दुसऱ्यांदा डोकं दुखू लागलं की त्याच दिवशी ती पिशवी घेऊन परत जा.