सॅन अँड्रियासमध्ये क्लिओ टाकताना हे बघून घ्या

जीटीए सॅन अँड्रियास गेममध्ये क्लिओ लायब्ररी (गेममध्ये बाहेरच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, चालवणारं मॉड) टाकायची असेल तर आधी गेमचं व्हर्जन बघा, कारण थेट गेमच्या मेमरीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या बऱ्याच जुन्या स्क्रिप्ट १.० यूएस व्हर्जनच्या एक्झीचे (गेम चालू करणारी .exe फाईल) मेमरीतले पत्ते धरून लिहिल्यात आणि दुसऱ्या व्हर्जनमध्ये त्याच पत्त्यावर भलतंच काहीतरी असतं, मग गेम क्रॅश होणारच. गेमचं फोल्डर प्रोग्राम फाईल्सच्या बाहेर ठेवा, तिथे परवानगीची कटकट फार. मूळ फोल्डरची कॉपी काढा, मगच क्लिओच्या फाईली गेमच्या एक्झीशेजारी टाका. एएसआय लोडर (गेम सुरू होताना .asi मॉड फाईली लोड करणारी फाईल) नसेल तर क्लिओ लोडच होत नाही. स्क्रिप्ट क्लिओ नावाच्या फोल्डरमध्ये जातात.

स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर आधी रीड मेमरी (पत्त्यावरची किंमत वाचणारी कमांड) वापरून किंमत स्क्रीनवर दाखवा, ती बरोबर आली की मगच राईट मेमरीने नवी किंमत लिहा. साईज नीट द्या, १, २ की ४ बाइट, कारण १ बाइटच्या जागी ४ लिहिले तर शेजारचे ३ पण पुसले जातात आणि क्रॅश कधीतरी नंतर होतो, शोधायला जाम त्रास. गेमच्या कोडमध्ये बदल करताना राईट मेमरी कमांडमधला शेवटचा आकडा, व्हर्च्युअल प्रोटेक्ट (लिहिण्यापुरतं मेमरीचं संरक्षण काढायचं का ते), १ ठेवा, साध्या डेटाला ० चालतं. आणि हे सगळं सिंगल प्लेअरमध्येच करा, ऑनलाईन सर्व्हरवर सरळ बॅन बसू शकतो.