स्टीव्ह विनवूड कसा ऐकायचा: ऑर्गनचा माग धरून

विनवूडची गाणी शोधायला गेलं की आधी 1986 चं ‘हायर लव्ह’ पुढे येतं, आणि तिथून सुरुवात केली की बहुतेकांची गाडी तिथेच अडते. सिंथेसायझर, चकचकीत ड्रम, ‘ऐंशीच्या दशकातला गायक’ असा शिक्का, विषय संपला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये 1948 साली जन्मलेला हा माणूस पंधरा-सोळाव्या वर्षापासून बँडमध्ये गातो आणि हॅमंड हा विजेवर चालणारा ऑर्गन वाजवतो. गळ्यामागे न जाता ऑर्गनचा माग धरला, तर इतक्या लांबलचक कारकिर्दीचा धागा सापडतो. त्यासाठी पाच बैठका पुरतात.

आधी साधनं. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, कारण खर्जातले सूर तिथे गळतात आणि या माणसाचं निम्मं काम खर्जातच आहे. साधे वायरचे हेडफोन घ्या, इक्वलायझर बंद ठेवा. एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तर डावी-उजवीकडची हालचाल कळत नाही. शफल बंद करा. का, ते पुढे येईल.

संगीत नाटकातला ऑर्गन किंवा पेटी ऐकलेल्या कानाला हॅमंड परका वाटणार नाही, पण फरक ओळखायला हवा. पेटीत जोर भात्यातून येतो. हॅमंडची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. चढ-उतार होतो तो उजव्या पायाखालच्या पेडलवर. आवाज बाहेर पडतो लेस्ली नावाच्या लाकडी कपाटातून. त्यात वर फिरणारा भोंगा असतो, खाली फिरणारा ड्रम. वेग दोनच, संथ आणि जलद. वेग बदलला की भोंगा पटकन धावतो, खालचा जड ड्रम मागून येतो. त्या एक-दोन सेकंदांत धरून ठेवलेला सूर आधी वरून आणि मग खालूनही थरथरू लागतो. ही जागा एकदा कानाला सापडली की प्रत्येक गाण्यात ती आपोआप ऐकू येते.

पहिली बैठक: 1966 आणि 2003. मधली 37 वर्षं सोडून द्या. विनवूडच्या तेव्हाच्या बँडचं, म्हणजे स्पेन्सर डेव्हिस ग्रुपचं ‘गिम्मी सम लव्हिन’ तीन मिनिटांच्या आत संपतं. बास एकच सूर ठोकत राहतो आणि त्यावर ऑर्गन येऊन आदळतो. याच्या दोन आवृत्त्या आहेत. अमेरिकेसाठी काढलेलीत मागे कोरस आणि जादा तालवाद्यं भरली आहेत, ब्रिटिश आवृत्ती कोरडी आहे. ऑर्गनसाठी ब्रिटिशच घ्या. लगेच विनवूडच्या 2003 च्या ‘अबाउट टाइम’ अल्बममधलं ‘व्हाय कान्ट वी लिव्ह टुगेदर’ लावा. मूळ गाणं टिमी थॉमसचं, तेही ऑर्गन आणि तालयंत्रावर उभं केलेलं. ‘अबाउट टाइम’मध्ये बासवादकच नाही, खालचे सूर विनवूड ऑर्गनवरच धरतो. पहिल्यांदा फक्त बास ऐका, दुसऱ्यांदा वरचा हात. दोन्ही एकच माणूस वाजवतोय हे एकदा लक्षात आलं की ऐकणंच बदलतं.

दुसरी बैठक ‘ट्रॅफिक’ या बँडची, आणि हिला सगळ्यात जास्त वेळ द्या. 1967 मध्ये विनवूड, जिम कपाल्डी, ख्रिस वुड आणि डेव्ह मेसन यांनी तो काढला. पहिलंच गाणं ‘पेपर सन’, त्यातली सतार मेसनची. पहिला अल्बम ‘मिस्टर फँटसी’ घेताना जपून. यादीत ‘पेपर सन’ दिसलं तर ती अमेरिकी आवृत्ती समजा, ब्रिटिश अल्बममध्ये ते नाही. मग 1970 चा ‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’. याची सुरुवात विनवूडचा एकट्याचा अल्बम म्हणून झाली होती, पुढे वुड आणि कपाल्डी येऊन मिळाले. पहिलं ‘ग्लॅड’ नुसतं वाद्यांचं आहे आणि ते सरळ ‘फ्रीडम रायडर’मध्ये शिरतं. शफल बंद ठेवायचा तो यासाठी, नाहीतर तो सांधाच तुटतो. शेवटी 1971 चं ‘द लो स्पार्क ऑफ हाय हील्ड बॉइज’, जवळजवळ बारा मिनिटांचं. ते अगदी दबक्या आवाजात उगवतं. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला तर पुढे कान फाटतील. त्याआधीच्या गाण्यावर आवाज ठरवा आणि मग हात लावू नका.

तिसरी बैठक दुसऱ्यांच्या घरची. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या 1968 च्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ अल्बममध्ये नावाने जवळजवळ सारखी दोन गाणी आहेत, आणि हमखास चूक होते ती इथे. विनवूडचा ऑर्गन आहे तो पंधरा मिनिटांच्या ‘वूडू चाइल’मध्ये. ‘स्लाइट रिटर्न’ लिहिलेलं पाच मिनिटांचं गाणं वेगळं, त्यात तो नाही. गिटार ओळ संपवते आणि ऑर्गन उत्तर देतो, जुगलबंदीच. हे वाजवलं तेव्हा विनवूड विशी गाठत होता. त्याला जोडून, विनवूड ज्यात गायचा त्या ब्लाइंड फेथ बँडच्या 1969 च्या त्याच नावाच्या अल्बममधलं ‘कान्ट फाइंड माय वे होम’ ऐका. तिथे ऑर्गनला फारसं काम नाही, गाणं फक्त आवाजासाठी.

चौथी बैठक ऐंशीच्या दशकाची, आता कान तयार आहे. ‘आर्क ऑफ अ डायव्हर’ अल्बममधली सगळी वाद्यं त्याने एकट्याने आपल्या घरच्या स्टुडिओत वाजवली. म्हणून तिथे ट्रॅफिकसारखा संवाद शोधू नका, थर मोजा. ‘व्हॅलरी’ गाण्याची आवृत्ती 1982 ची की 1987 ची ते आधी बघा. गाजली ती 1987 ची, ‘क्रॉनिकल्स’ संग्रहातली नव्याने मिक्स केलेली. मूळ ‘टॉकिंग बॅक टू द नाइट’ अल्बमवर आहे. ‘हायर लव्ह’ शोधताना 2019 चं कायगो आणि व्हिटनी ह्यूस्टनचं पुढे येऊ शकतं, ते टाळा. 1986 चं अल्बममधलं लांब रूप घ्या आणि मागे गाणाऱ्या चाका खानचा आवाज वेगळा काढून ऐका.

पाचवी बैठक दहा मिनिटांची, आणि एकच गाणं दोनदा: ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’. क्रम उलटा ठेवा. आधी गिटारवादक एरिक क्लॅप्टनबरोबरच्या, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या 2008 च्या कार्यक्रमातलं, जिथे विनवूड एकटाच हॅमंडवर बसून गातो. एका आवर्तनात फक्त खर्ज ऐका, दुसऱ्यात लेस्लीचा वेग कुठे बदलतो ते टिपा. मग स्पेन्सर डेव्हिस ग्रुपच्या दुसऱ्या अल्बममधलं, 1966 चं. गाणारा तेव्हा सतरा वर्षांचा आहे.